धाबळीतला कोश

माझ्या पेटीत तळाशी एक चित्र आहे. वीतभर कागद आणि त्याच्या मधोमध अंगठ्याच्या नखापेक्षा थोडंसं मोठं पिवळं पाखरू. पंखांवर आडवा तपकिरी पट्टा, कडेला दोनतीन काळे ठिपके, शेपटीशी केसांचा झुपका. माझ्या यजमानांनी काढलेलं. साहेबाने ते परत पाठवलं होतं, कारण पंखातली एक शीर जिथून फुटते असं ह्यांनी दाखवलं होतं तिथून ती खरी फुटत नव्हती. बघणारे म्हणतात, किती नाजूक काम आहे! असेल. माझा हात मात्र ते पाहिल्याबरोबर आपोआप डाव्या बगलेत जातो आणि मी चित्र पालथं घालते.

आम्ही तेव्हा गिरगावात एका वाडीतल्या चाळीत राहत होतो. दोन खोल्या आणि पुढे गॅलरी. घरात तिघं: हे, सासूबाई आणि मी. हे चित्रकला शिकलेले. कोटात, म्हणजे फोर्टात, एका साहेबाच्या पदरी पाखरांची चित्रं काढायला होते. फुलपाखरं नव्हेत. ती निदान दिसायला तरी बरी. साहेबाला हवी होती ती दिव्यावर झेप घेऊन मरणारी, मातकट, केसाळ पाखरं, म्हणजे पतंग. ह्या देशातल्या असल्या सगळ्या पाखरांची कुळी लावायची असं त्याने मनात घेतलं होतं. मरायला आलेल्या जिवाला कुळी कशाला हवी, असं मी एकदा विचारलं तर हे दोन दिवस माझ्याशी तुटक बोलत होते.

राग उतरल्यावर मात्र स्वतःच समजावायला बसले. म्हणाले, "आपल्यात नाव आधी आणि आडनाव मागून. ह्यांच्यात आडनाव आधी. एका आडनावाची भावंडं पुष्कळ, पण आडनाव कुठलं ते ठरवायचं तर रंगावर जाऊन चालत नाही. रंग फसवतो. शिरा बघायच्या." मग त्यांनी मला शिरा कशा बघतात तेही दाखवलं. मेलेल्या पाखराचा पंख स्पिरिटात भिजवायचा आणि बारीक कुंचल्याने त्याच्यावरची पूड हळूहळू झाडून टाकायची. पिवळा, तपकिरी, सगळा रंग त्या पुडीतच असतो. ती गेली की खाली कांद्याच्या पापुद्र्यासारखं काहीतरी उरतं आणि त्यात शिरा दिसतात. कुठली शीर कुठल्या शिरेतून किती अंतरावर फुटली, ह्यावर आडनाव ठरायचं. त्या वर्षी साहेबाचा सगळा जीव अशाच एका पिवळ्या पाखरात अडकला होता. ते ह्या आडनावात घालायचं की शेजारच्या, ह्यावर त्याचा विलायतेतल्या कुणाशी तरी वाद चालला होता.

त्या आडनावाच्या बाकीच्या खुणा मला अजून पाठ आहेत. त्यांच्या मिशा दोन्ही अंगांना दाते असलेल्या फणीसारख्या, नराच्या रुंद, मादीच्या अरुंद. रस प्यायची सोंड जवळजवळ नाहीच. पाखरू झाल्यावर हा जीव काही खात नाही, सुरवंट असताना जे खाल्लं त्याच्यावर उरलेले दिवस काढतो. पुढचे पाय केसाळ आणि बसताना पुढे पसरलेले. आणि मादीच्या शेपटीशी तो झुपका. अंडी घातली की तिथले केस ती अंड्यांवर चिकटवते, वरून पांघरूण घातल्यासारखे. आडनाव ग्रीक की कसलंसं होतं, युप्रॉक्टिस. अर्थ विचारला तर ह्यांचे कान लाल झाले. पुष्कळ आढेवेढे घेऊन म्हणाले, "चांगल्या... म्हणजे... पार्श्वभागाचं, असं काहीसं." मी पदर तोंडात कोंबला. स्वयंपाकघरातून सासूबाईंनी विचारलं, "काय झालं गो हसायला?" आता त्यांना काय सांगणार!

पण त्या केसांची गोष्ट हसण्यासारखी नव्हती. सुरवंटाच्या अंगावर जे लांब केस दिसतात ते नुसते भिववायला. खरे आखूड, डोळ्यांना न दिसणारे, आणि टोकाशी विष. सुरवंटाने कात टाकली तरी ते कातीत राहतात, कोश विणला की कोशात विणले जातात, आणि पाखरू बाहेर येतं ते झुपक्यात तेच केस घेऊन. साहेबाला पंखांची पूड न झडलेली, कोरी पाखरं हवी असत, म्हणून हे रविवारी शिवडीकडे खाडीच्या वाटेवर जाऊन एरंडावरचे सुरवंट आणत आणि ते घरी खोक्यात पाळत. काळे, पाठीवर तांबडी रेघ असलेले. त्यांना पानं घालायचं काम माझं. पानं घातली की बोटांना बारीक, टोचरी खाज सुटायची. ती खाज मला चांगली ओळखीची झाली होती, आणि पुढे तीच उपयोगी पडली.

सासूबाईंना त्या खोक्याचा मनापासून तिटकारा. त्या कोकणातल्या. सुरवंटाला कुसरूड म्हणायच्या आणि म्हणताना तोंड असं करायच्या की ऐकणाऱ्यालाच खाज सुटावी. लहानपणीच विधवा झालेल्या नव्हेत, हे दहाबारा वर्षांचे होते तेव्हा सासरे गेले. पण त्या दिवसापासून केशवपन, तांबडं आलवण आणि कडक सोवळं. आंघोळ झाली की काठीने उंचावरच्या दांडीवरची धाबळी खाली काढायच्या आणि ती अंगाला गुंडाळून देवपूजा, स्वयंपाक आणि जेवण. धाबळी लोकरीची. लोकर विटाळत नाही, म्हणून ती रोज धुवायचं कारण नव्हतं. तिला कुणी हात मात्र लावायचा नाही. मी नाहीच, ह्यांनीही नाही. लग्न होऊन मला चार वर्षं झाली होती आणि त्या चार वर्षांत सकाळच्या वेळी सासूबाईंचा हात कसा लागतो हे मला ठाऊक नव्हतं. त्या ताट वरून ठेवायच्या, पाणी वरून वाढायच्या. माया नव्हती असं नाही. ती दुपारनंतर, धाबळी दांडीवर गेल्यावर.

मग ते वर्ष आलं. गाठीचा ताप आधी मांडवीकडे होता, बंदराच्या बाजूला. आपल्याकडे कशाला येतोय, असं सगळेच म्हणत होते. हिवाळ्यात तो गिरगावात आला. ताप चढतो, जांघेत नाहीतर बगलेत गाठ येते आणि दोनतीन दिवसांत माणूस आटोपतो, एवढं सगळ्यांना कळलं होतं. त्याहून जास्त कुणालाच कळलं नव्हतं. भीती अशी की गॅलरीत बोलत उभी राहिलेली बाईसुद्धा बोलता बोलता हळूच स्वतःची बगल चाचपायची. समोरचीने पाहिलं तर पदर सारखा केल्याचं सोंग. रात्री झोपताना मी चाचपायची, उठल्यावर चाचपायची. चाचपून चाचपून तिथे दुखायला लागलं की आणखी घाबरायची.

चाळ अर्धी रिकामी झाली. लोक बोटीने कोकणात गेले, कुणी नाशकाकडे गेले. हे रजा मागायला गेले तर साहेब म्हणाला, ह्या महिन्यात पिवळं पाखरू पुरं झालंच पाहिजे. आणि सासूबाई म्हणाल्या, "देव सोडून मी जायची नाही." म्हणून आम्ही राहिलो.

त्यातच घराघरातून तपासणी सुरू झाली. डॉक्टर, बायकांना बघायला एक बाई आणि शिपाई. गाठ दिसली की माणसाला प्लेगच्या इस्पितळात नेत आणि घरच्यांना वस्तीबाहेरच्या छपरांत वेगळं ठेवत. इस्पितळात गेलेलं आमच्या वाडीतलं कुणी परत आलं नव्हतं. ती इस्पितळाची चूक होती की तापाची, हे तेव्हा कोण बघतंय? सासूबाईंना मरणाची भीती वाटत नव्हती, निदान त्या तसं म्हणायच्या. त्यांना भीती होती ती इस्पितळातल्या पाण्याची. कुणाच्या हातचं, कुठल्या भांड्यातलं. "मला तिथे नेलंत तर मी घोटभर पाणी पिणार नाही हो," त्या ह्यांना पुन्हापुन्हा बजावायच्या. "तहानेने मरेन. मला घरातच मरू दे." हे खाली मान घालून ऐकत. आणि मला माहीत होतं की त्या बोलतात तसं करतील. ताप मारो न मारो, पाण्यावाचून त्या नक्की मरतील.

शिमग्याच्या सुमारास चाळीच्या मालकाने सगळ्या गॅलऱ्यांतून गंधकाची धुरी करवली. गंधकाने सुरवंट मरतील म्हणून ह्यांनी खोकं उचललं आणि थेट स्वयंपाकघरात, वरच्या फळीवर ठेवलं. सासूबाई संतापल्या. "माझ्या चुलीशी कुसरुडं?" हे म्हणाले, "संध्याकाळपर्यंत फक्त." संध्याकाळी खोकं खाली काढलं तेव्हा त्याचा एक कोपरा उकलला होता आणि आतले चारपाच सुरवंट नव्हते. हे माझ्या कानाशी येऊन म्हणाले, "पालीने खाल्ले असतील. आईला बोलू नकोस." मी पालीला कधी असली केसाळ वस्तू खाताना पाहिलं नव्हतं. पण त्या दिवसांत किड्यांची काळजी करायला कुणाला सवड होती?

पुढच्या आठवड्यात सासूबाई वाढताना उजवा हात अंगाशी धरून वाढू लागल्या. मी विचारलं, हाताला काय झालं? "काही नाही," म्हणाल्या, पण फार घाईने म्हणाल्या. दुसऱ्या दिवशी पूजा करताना त्यांच्या हातून पळी पडली. दुपारी धाबळी दांडीवर गेल्यावर मी सरळ त्यांच्यासमोर जाऊन बसले आणि म्हटलं, "हात वर करा."

त्यांनी हात वर केला. सगळी बगल लालभडक झाली होती, पुरळ उठलं होतं, खाजवून खाजवून कातडी सोलवटली होती. आणि त्या लालीच्या मधोमध बोराएवढी गाठ.

मी त्यांचं अंग चाचपलं तर कढत. खूप नाही, पण कढत. त्या पुटपुटल्या, "ओरडू नकोस. शेजारी ऐकतील." मी ओरडले नव्हते. खरं सांगायचं तर पहिली भीती त्यांच्यासाठीही नव्हती. मी त्यांच्या शेजारी बसले होते, त्यांच्या ताटातलं उचललं होतं, त्यांचा श्वास माझ्या श्वासात मिसळत होता. सगळं घर आता संपलं, असंच मला वाटलं.

हे संध्याकाळी आले. त्यांना सांगितलं तर भिंतीला टेकून खालीच बसले. बाई असते तर रडले असते. पुरुष म्हणून नुसते बसून राहिले. मला भयंकर राग आला. पाखराच्या पंखातल्या शिरा मोजणारा हा माणूस, आणि आईच्या अंगाला हात लावायचं धैर्य नाही! "काहीतरी करा," मी म्हटलं. "काय करू?" ते म्हणाले. लपवावं तर कुठे? लोकांनी आजारी माणसांना कपाटात कोंडलेलं आम्ही ऐकलं होतं. आमच्याकडे कपाटही नव्हतं.

मग मला माझ्या आईचं औषध आठवलं. गाठीवर एरंडाचं पान तापवून बांधायचं. घरात एरंडाची पानं होतीच, सुरवंटांसाठी ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवलेली. दुसऱ्या दिवशी त्यांच्या आंघोळीआधीच मी एक तापवलं, तेल लावून गाठीवर बांधलं. घटकाभरात सासूबाई कळवळून उठल्या. पान काढून पाहिलं तर जिथे जिथे ते टेकलं होतं तिथे नवं पुरळ. आणि माझ्या बोटांना खाज सुटली होती. तीच ती बारीक, टोचरी, ओळखीची खाज.

मी बोटांकडे बघत राहिले. पानावर केस होते, सुरवंटांचे. त्यांनी नवं पुरळ उठलं हे उघड होतं. पण मग जुनं पुरळ? ते तर पान बांधण्याआधीचं, अगदी ह्याच्यासारखं. पानांना त्यांनी कधी हात लावला नव्हता. सुरवंटाच्या खोक्याजवळून त्या जातसुद्धा नसत. त्यांच्या बगलेला रोज लागत होतं ते एकच वस्त्र.

मी वर दांडीकडे पाहिलं. दांडी फळीच्या अगदी खालीच होती.

"सासूबाई," मी म्हटलं, "मी धाबळी काढते."

"काठीने?"

"हाताने."

"अगो, वेड लागलं काय तुला? पारोशी तू—" पण मी पाटावर चढून ती ओढून काढलीच. त्यांनी डोळे मिटून घेतले. खिडकीशी नेऊन मी घडीन् घडी उलगडली. काठाजवळ, जिथे ती दुहेरी होते आणि बगलेखाली खोचली जाते, तिथे तपकिरी रंगाचे कोश चिकटले होते. पातळ, मळक्या कापसासारखे, आणि सगळे केसांनी विणलेले. एक चुरगळून सपाट झाला होता. खाज सुटली की सासूबाई त्याच काठाने बगल चोळत होत्या, कारण सोवळ्यात दुसऱ्या कशाला हात लावता येत नव्हता.

ह्यांनी भिंग लावून पाहिलं आणि त्यांच्या तोंडावर जरा तरतरी आली. "तेच आहेत! फिरत फिरत खाली उतरले. कोश करायच्या आधी ते खाणं सोडतात आणि अशी घडीच शोधतात." मी विचारलं, "केसांनी गाठ येते?" ते घुटमळले. "पुरळ येतं. माझ्या मनगटावर कितीदा आलं. सूजही येते."

"गाठ येते का?"

"मला माहीत नाही," ते म्हणाले.

तेवढ्यात जिन्यावर बुटांचा आवाज झाला.

तपासणीची माणसं होती. डॉक्टर तरुण, आपल्यातलाच, डोळे झोप नसल्यासारखे तांबडे. तो दारात थांबला आणि त्याच्याबरोबरची बाई आत आली. तिने आधी मला पाहिलं, मग सासूबाईंना म्हणाली, "आजी, हात वर करा." सासूबाईंनी हात वर केला नाही. बाईने तो हळूच उचलला. एक क्षणभर बघून ती बाहेर गेली आणि डॉक्टर आत आला. त्याने नाडी धरली, जीभ पाहिली, गाठ दाबली. सासूबाई भिंतीकडे तोंड करून बसल्या होत्या. त्यांच्या आलवणाचा काठ हलताना दिसत होता.

"न्यावं लागेल," डॉक्टर म्हणाला.

मी धाबळी घेऊन पुढे झाले. परक्या पुरुषाशी मी त्याआधी कधी बोलले नव्हते. सुरवंट, कोश, केस, खोकं, सगळं एका दमात सांगितलं. तो ऐकून घेत होता, त्याने कोशही पाहिला. मग कंटाळलेल्या आवाजात म्हणाला, "बाई, रोज प्रत्येक घरात मला गाठीचं काहीतरी कारण सांगतात. कुणाला गळू असतं, कुणी पडलेलं असतं. तुम्ही किडे म्हणता. गाठ ती गाठ."

"किड्यांनीच आली आहे."

"कशावरून?"

हे कोपऱ्यातच उभे होते. मला काय झालं ते मला आजही नीट सांगता येत नाही. शौर्य नव्हतं ते. भीतीचाच कडेलोट झाला होता. मी आतल्या खोलीच्या दाराआड गेले, चोळीची बाही वर सारली आणि धाबळीचा तो काठ डाव्या बगलेत घालून जीव खाऊन चोळला. बाई माझ्यामागे आली होती. ती किंचाळली, "अरे देवा, काय करते ही!" हे धावत आले. मी बाहेर येऊन डॉक्टरला म्हटलं, "उद्या या. मलाही अशीच गाठ आली तर ती किड्यांची."

"आणि ती प्लेगची असली तर?" डॉक्टर म्हणाला. "ह्यांच्या अंगावरचं वस्त्र तुम्ही अंगाला चोळलंत. उद्या गाठ आली तर मी दोन्ही समजू शकतो. मग दोघींना नेईन."

हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं.

त्याने सासूबाईंची जीभ पुन्हा एकदा पाहिली, काहीतरी विचार केला आणि म्हणाला, "ताप फार नाही. उद्या सकाळपर्यंत थांबतो." शिपायाला त्याने जिन्याशी बसवलं. कुणी बाहेर जायचं नाही.

त्या दिवसासारखा दिवस वैऱ्यालाही नको. बगलेत आग आग होत होती, पुरळ तासाभरात उठलं, पण गाठ नाही. सगळं गिरगाव गाठ न येवो म्हणून देवाला हात जोडत होतं आणि मी गाठ येऊ दे म्हणून विनवत होते. न आली तर सासूबाई जाणार. आली तर? आली तर ती कसली, हे मला तरी कसं कळणार होतं? घटकेघटकेला मी चाचपायची. सासूबाई कोपऱ्यात बसून माझ्याकडे बघत होत्या. हे बिचारे माझ्याजवळ येऊन बसले आणि म्हणाले, "साहेबाच्या पुस्तकात कुठेतरी असेल." मी म्हटलं, "पुस्तकात माझी बगल नाही." ते परत गेले.

उजाडताना मी हात उचलला आणि उचलवेना. गाठ आली होती. अंगात कणकणही होती. मला वाटलं होतं, गाठ आली की सुटल्यासारखं होईल. उलट तोंडचं पाणी पळालं. मी आता मरणार, मी स्वतःच्या हाताने हे ओढवून घेतलं, एवढंच डोक्यात घुमत राहिलं.

डॉक्टर आला. त्याने आधी सासूबाईंची गाठ दाबली. आदल्या सकाळपासून धाबळी अंगाला लागली नव्हती. पुरळ मावळायला लागलं होतं, गाठ निम्मी झाली होती, अंग निवलं होतं. "ही उतरते आहे," तो म्हणाला, आणि पहिल्यांदाच त्याचा चेहरा जरा सैल झाला. "प्लेगची अशी उतरत नाही. ह्यांना ठेवतो." मग तो माझ्याकडे वळला. त्याने गाठ दाबली तशी मी ओरडले. नाडी पाहिली, पुन्हा पाहिली.

"ही नवी आहे," तो म्हणाला. "ताप आहे. बहुतेक तुम्ही म्हणता तेच असेल. पण बहुतेकवर मला एवढ्या चाळीत कुणाला ठेवता येत नाही. तुम्हांला यावं लागेल."

ह्यांनी डोक्याला हात लावला. मी उभी राहिले आणि परत खाली बसले. तेवढ्यात सासूबाई म्हणाल्या, "हिच्याबरोबर मलाही न्या."

"आजी, तुम्हांला काही झालेलं नाही."

"ती तिथे एकटी राहायची नाही. पोर आहे."

"निरोगी माणसाला मी इस्पितळात नेऊ शकत नाही."

सासूबाई उठल्या. खिडकीत अजून तशीच पडलेली धाबळी त्यांनी उचलली, तिचा तो कोशांचा काठ चाचपून शोधला, आणि आम्ही काही म्हणायच्या आत ती अंगाला घट्ट गुंडाळून काठ दोन्ही बगलांत खोचला. वरून हात दाबून धरले. वेदनेने त्यांचं तोंड वेडंवाकडं झालं.

"आता होईल," त्या म्हणाल्या. "आता न्या दोघींना."

इस्पितळातल्या पाण्याच्या नुसत्या नावाने थरथरणारी ती बाई डॉक्टरच्या समोर तशी उभी होती, आणि डोळ्यांतून पाणी वाहत होतं ते पुसायला हात मोकळा करत नव्हती. डॉक्टरबरोबरच्या बाईने तोंड फिरवलं. डॉक्टर आमच्या दोघींकडे आळीपाळीने पाहत होता. मग तो उंबऱ्यावर टेकला. खूप थकलेला दिसला. "काढा ते," तो म्हणाला. "जाळून टाका. शिपाई इथेच राहील. मी रोज दोनदा येईन. ताप वाढला तर मात्र माझं काही चालणार नाही."

तो गेला. सासूबाई तशाच उभ्या होत्या, त्यांचे हात सुटत नव्हते. मी उठून त्यांच्या अंगावरची धाबळी सोडवली. त्यांच्या अंगाला, सकाळच्या वेळी, माझा पारोसा हात लागत होता. त्या मागे सरल्या नाहीत. उलट माझी बाही वर करून त्यांनी माझी गाठ आपल्या बोटांनी हळू दाबून पाहिली. "फार दुखतं?" त्यांनी विचारलं. मी मान हलवली. मग आम्ही दोघींनी मिळून ती धाबळी बंबात घातली. लोकरीचा आणि केसांचा घाण वास सगळ्या चाळीत पसरला. एक कोश मात्र ह्यांनी आधीच कापून घेतला होता. मी पाहिलं, पण बोलले नाही. त्यातूनच पुढे ते चित्रातलं पाखरू निघालं.

माझा ताप पुढचे दोन दिवस चढत उतरत राहिला. प्रत्येक वेळी जिन्यावर पाऊल वाजलं की सासूबाई माझ्या आणि दाराच्या मध्ये येऊन बसायच्या. तिसऱ्या दिवशी गाठ बसू लागली आणि शिपाई उठून गेला.

पण मला आठवतो तो धाबळी जाळली तो दिवस. त्यांच्या दोन्ही बगला आता सुजल्या होत्या, हात खाली येत नव्हते. चुलीशी बसणं शक्य नव्हतं. मीच उठले आणि अंगातल्या तापासकट, आंघोळ न केलेली, भात टाकला. ताट त्यांच्यापुढे ठेवलं आणि भांड्यात पाणी ओतलं. हे दारात उभे राहून बघत होते. सासूबाईंनी ताटाभोवती पाणी फिरवलं नाही, काहीच केलं नाही. हात तोंडाशी जाईना, म्हणून त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी घास कालवला आणि त्यांच्या तोंडात घातला. त्या जेवल्या, आणि मग भांडं माझ्याच हातून तोंडाला लावून सगळं पाणी प्यायल्या.